अर्जातील निबंध आणि मुलांची व्यथा : काय सांगावे, काय राखावे

बालरोगतज्ज्ञाचे आणि कुटुंबाचे नाते लसीकरणाच्या पत्रिकेपासून सुरू होते आणि बहुधा बारावीपर्यंत टिकते. आपल्या बडोद्यात तर मूल परदेशी शिकायला निघाले की ती वार्ता नातेवाइकांच्या बरोबरीने डॉक्टरांच्याही कानावर येते. पूर्वी ही मंडळी प्रकृतीच्या तपासणीचा फॉर्म भरून घेण्यासाठी आणि राहिलेल्या लशी पूर्ण करण्यासाठी येत. गेल्या काही वर्षांत त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : "डॉक्टर, याच्या दम्याबद्दल निबंधात लिहावे का?" दम्याच्या जागी कधी मधुमेह असतो, कधी अपस्मार, कधी वडिलांचा मृत्यू, तर कधी वर्षभर चाललेले नैराश्य.

पालकांना वाटते की हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकांचा आहे, आपण तो सहज म्हणून डॉक्टरांना विचारला. मला मात्र तो बालरोगशास्त्राच्या कक्षेतला वाटतो. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्यातील सर्वांत दुखरी जागा अनोळखी परीक्षकांपुढे उघडी करावी की नाही, याचा त्याच्या प्रकृतीशी थेट संबंध आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करण्याचे योजले आहे. लेखातील मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत.

निबंधाचे स्वरूप

नीटच्या गुणांवर होणाऱ्या प्रवेशाला सरावलेल्या आपल्या मनाला अमेरिकेतील पदवीप्रवेशाची पद्धत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तेथील बहुतेक नामांकित विद्यापीठे शालेय गुण, निवडलेले विषय, शिक्षकांची पत्रे, इतर उपक्रम आणि विद्यार्थ्याचा स्वतःविषयीचा निबंध या सर्वांचा एकत्रित विचार करतात. १९७५ साली पंधरा संस्थांनी मिळून सुरू केलेला 'कॉमन अ‍ॅप' हा सामायिक अर्ज आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंध किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र आहे. तेथे आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकाचे उत्तर ३५० शब्दांच्या आत द्यावयाचे असते.

कॉमन अ‍ॅपच्या सात विषयांपैकी एक विषय अडचण, पीछेहाट किंवा अपयश यांविषयी आणि त्यांतून काय शिकलात याविषयी आहे. कॅलिफोर्नियाच्या आठांपैकी एक प्रश्न मोठ्या आव्हानाविषयी आहे. आपल्याकडे मात्र असा समज पसरला आहे की संघर्ष सांगितला नाही तर अर्ज फिका पडतो. वस्तुतः सातांपैकी सातवा विषय पूर्णपणे मोकळा आहे. आवडत्या पदार्थाविषयी, आजोबांच्या घड्याळदुरुस्तीविषयी किंवा गणितातल्या एखाद्या कोड्याविषयी लिहिले तरी चालते.

दुसरी गोष्ट फारच थोड्या पालकांना ठाऊक असते. ज्या परिस्थितीमुळे शिक्षणात अडथळा आला ती परिस्थिती सांगण्यासाठी अर्जात वेगळी, ऐच्छिक जागा आहे. २०२५-२६ च्या अर्जापासून 'आव्हाने आणि परिस्थिती' अशा अर्थाचा, २५० शब्दांच्या मर्यादेचा हा रकाना देण्यात आला. आजारपणामुळे दोन महिने शाळा बुडाली आणि अकरावीचे गुण उतरले, एवढीच वस्तुस्थिती कळवायची असेल, तर तिची जागा तेथे आहे. त्यासाठी मुख्य निबंध खर्ची घालण्याचे कारण नाही.

इंग्लंडची रीत याहून भिन्न आहे. तेथील 'यूकास' या अर्जात भर अभ्यासविषयावर असतो. २०२६ च्या प्रवेशापासून तेथे एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत : हा विषय का, त्यासाठी आजवरच्या शिक्षणाने कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले. अमेरिकेसाठी लिहिलेली व्यथाकथा तशीच उचलून तेथे देणे व्यर्थ होय.

संघर्षाला एवढा भाव का आला?

अर्जदाराचे 'चारित्र्य' पाहण्याची अमेरिकेतील प्रथा १९२० च्या दशकात रुजली. तिचा उगम फारसा उदात्त नाही. केवळ परीक्षेवर प्रवेश दिल्याने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, ती आवरण्यासाठी व्यक्तिमत्त्व, घराणे, शिफारसी इत्यादी निकष पुढे आणले गेले. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. पुढे काळ बदलला आणि त्याच प्रथेचा उपयोग वंचित घरांतील मुलांची परिस्थिती समजून घेण्यासाठी होऊ लागला.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. परंतु वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः सांगितले, आणि ते त्याच्या गुणाशी वा क्षमतेशी ठोसपणे निगडित असले, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते, असेही त्या निकालपत्रात नमूद आहे. साहजिकच स्वतःच्या अडचणी शब्दांत मांडण्याला तेथे अधिकच महत्त्व आले.

या बाजारात एक विसंगतीही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या साठ हजार अर्जदारांच्या निबंधांचा संगणकीय अभ्यास २०२१ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंधातील आशयाचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध सॅट परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट आढळला. म्हणजे मनातले थेट सांगणारा म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्या निबंधावरही घरच्या सुबत्तेची छाप असते. दुःख खरे असणे आणि ते परीक्षकाला रुचेल अशा घडणीत मांडता येणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसरी बाब विकत देणारे सल्लागार आता आपल्याही शहरात आहेत, आणि "घरात काही ट्रॅजेडी आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असल्याचे मुलांकडूनच मी ऐकते.

लिहिणे हे औषध आहे काय?

"लिहिल्याने त्याचे मन तरी मोकळे होईल," असे अनेक पालक म्हणतात. या समजुतीला शास्त्रीय आधार आहे, परंतु तो नीट पाहिला पाहिजे.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयाचे होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातील आघातांवर. आघाताची हकिगत आणि त्यासंबंधीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी ज्यांनी लिहिल्या, त्यांचा रक्तदाब लिहिल्यानंतर लगेच वाढलेला आणि मनःस्थिती खालावलेली आढळली. मात्र पुढील सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रातील त्यांच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. त्यानंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झाले. १४६ यादृच्छिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली मांडले. लाभ आहे, पण तो अल्प आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

आता या लेखनाची आणि प्रवेशनिबंधाची तुलना करून पाहा. प्रयोगातील लेखन गोपनीय होते. त्याला गुण नव्हते. व्याकरणाची चिंता करू नका असे सांगितलेले होते, आणि शेवट गोड करण्याची सक्ती नव्हती. प्रवेशनिबंध नावानिशी असतो. तो आई-वडील, शिक्षक, सल्लागार अशा अनेकांच्या हातांतून जातो, दहा-बारा वेळा दुरुस्त होतो, आणि शेवटी "या संकटाने मला घडवले" असा सूर त्याच्याकडून अपेक्षिला जातो. ज्या मुलाला त्या संकटाने अजून तरी केवळ मोडलेले आहे, त्याने तसे लिहायचे म्हणजे स्वतःशीच खोटे बोलायचे. वर नकार आला, तर नाकारले गेले ते माझे दुःखच, अशी त्याची समजूत होऊ शकते. तेव्हा मन मोकळे करण्यासाठी वही द्यावी. तिला कुलूप लावण्याची मुभा असावी. अर्जाचा निबंध हा निराळा प्रकार आहे, आणि दोहोंची गल्लत करू नये.

विषय निवडण्यापूर्वी चार प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी चार प्रश्न विचारते. ते पालकांनाही घरी विचारता येतील.

पहिला प्रश्न : जखम भरली आहे का? अश्वत्थाम्याची भळभळती जखम आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यासाठी दारोदार तेल मागत फिरणे हेच त्याचे प्राक्तन झाले. ज्या मुलाची जखम वाहते आहे, त्याच्याकडून निबंध लिहून घेणे म्हणजे त्याला तसेच दारोदार पाठवणे होय. यासाठी महिन्यांचा ठरावीक हिशेब नाही. मूल ती गोष्ट सांगताना कोठे थांबायचे हे स्वतः ठरवू शकते का, एवढे मी पाहते. डोळ्यांत पाणी येणे वावगे नाही. परंतु सांगायला सुरुवात केल्यावर थांबता येत नसेल, किंवा झोप आणि भूक बिघडत असेल, तर तो विषय या वर्षी नको.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, एका मुलाचे वडील गेले. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. अर्जाच्या वेळी सल्लागारांनी त्याच विषयाचा आग्रह धरला आणि आईलाही ते पटले. मुलाने ओठ मिटून घेतले. मी त्याला एकट्याला आत बोलावले, तेव्हा तो एकच वाक्य बोलला : "काकू, बाबा गेले त्याचे मला मार्क नको आहेत." यापुढे वाद उरत नाही. मी त्याच्या आईला आत घेतले आणि हेच वाक्य त्यालाच पुन्हा सांगायला लावले. त्या माउलीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि "नको लिहूस बाळा" एवढेच म्हटले. वडिलांच्या निधनाची नोंद त्याच्या शाळेने आपल्या पत्रात दोन ओळींत केली. मुलाने निबंध लिहिला तो उत्तरायणानंतर झाडांत अडकून राहणाऱ्या मांजावर. मित्रांना घेऊन, बांबूला आकडी बांधून, तो दरवर्षी आपल्या गल्लीतील झाडे मोकळी करतो. आज तो परदेशात शिकतो आहे. केवळ निबंधामुळे प्रवेश मिळाला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण तो निबंध त्याचा होता एवढे मी नक्की सांगू शकते.

दुसरा प्रश्न : ही गोष्ट कोणाची आहे? मुलांच्या संघर्षात बहुधा घरातील दुसऱ्या कोणाचा तरी आजार असतो. भावाची स्वमग्नता, वडिलांचे मद्यपान, आईचे मानसिक आजारपण. त्याचा भार मुलाने सोसलेला असतो हे खरे. परंतु भावाचे निदान, त्याचे झटके, त्याची फजिती हे सर्व भावाचे आहे. दहा वर्षांनी त्याने हा निबंध वाचला तर त्याला काय वाटेल, हा विचार व्हावा. स्वतःला काय करावे लागले आणि स्वतःत काय बदलले, तेवढेच आपले असते. ज्याला विचारणे शक्य आहे त्याची संमती घ्यावी.

तिसरा प्रश्न : तू काय केलेस? आजार होणे ही कर्तबगारी नव्हे. परीक्षकाला आजाराची तीव्रता मोजावयाची नसते. त्याला या मुलाची विचार करण्याची, निर्णय घेण्याची आणि इतरांशी वागण्याची तऱ्हा जाणून घ्यायची असते. या प्रश्नाचे ठोस उत्तर नसेल, तर दुःख कितीही मोठे असले तरी त्याचा निबंध होत नाही.

चौथा प्रश्न : हे परत घेता येणार नाही, चालेल का? एकदा पाठवलेला मजकूर मागे घेता येत नाही. शाळेत 'नमुना निबंध' म्हणून तो पुढील वर्गाला वाचून दाखवला जाऊ शकतो. वसतिगृहातील खोलीत राहणाऱ्या सोबत्याला पहिल्याच दिवशी जे सांगायला आवडणार नाही, ते शक्यतो येथेही सांगू नये.

केस-हिस्टरी आणि स्वकथन

आपण डॉक्टर केस-हिस्टरी लिहितो तेव्हा तक्रार, तिचा कालावधी, तपासण्या, निदान असा क्रम ठेवतो. तीत रुग्णाचा रोग दिसतो, माणूस क्वचितच दिसतो, आणि तिचा हेतू पाहता ते योग्यही आहे. मुलांचे पहिले खर्डे मात्र हटकून याच वळणाचे असतात. वर भावनांची फोडणी दिलेली असते. दम्याच्या एका मुलाच्या पहिल्या खर्ड्याचा आशय असा होता :

"लहानपणापासून मी दम्याशी झुंज देत आलो आहे. कित्येक रात्री मी श्वासासाठी तडफडलो. वारंवार वाफ घ्यावी लागली. पण मी हार मानली नाही. संकटांनीच मला कणखर बनवले."

यात असत्य काही नाही, पण हे हजारो मुलांचे असू शकते. "त्या काळात तू रोज काय करत होतास?" एवढेच मी विचारले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा मजकूर पुढीलप्रमाणे बदललेला होता :

"रोज सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकर मारून आकडा वहीत लिहिणे हे माझे काम होते. बऱ्या दिवशी आकडा चारशेच्या आसपास असे. नववीत माझ्या लक्षात आले की तो सोमवारी घसरतो. रविवारी आमच्या सोसायटीत पालापाचोळा जाळतात. मी बारा सोमवारांचा आलेख काढून सेक्रेटरीकाकांना दाखवला. ते हसले. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. या वेळी खत करण्यासाठी कोठे खड्डा खणता येईल त्याचा नकाशाही नेला होता. खड्डा फाटकाजवळ हवा होता, कारण झाडणाऱ्या मावशींना पाटी घेऊन लांब चालणे होत नाही."

येथे 'संघर्ष' हा शब्दच नाही. तरीही मुलाची चिकाटी, निरीक्षण, आकड्यांवरील विश्वास आणि झाडणाऱ्या मावशींचा त्याने केलेला विचार, हे सर्व वाचणाऱ्याला आपोआप दिसते. माझा ठोकताळा असा की निबंधाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग दुखण्याला देऊ नये. उरलेला भाग मुलाने केलेल्या गोष्टींचा असावा. रोगाची नावे, औषधांची यादी आणि रुग्णालयाचे वर्णन जेवढे कमी तेवढे बरे.

आणखी एक सूचना. निबंध पालकांनी, सल्लागारांनी वा संगणकाने लिहून देणे हे अनैतिक तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक मानले जाते.

बडोद्याशी निगडित एक आदर्श

परक्या वाचकाला आपली व्यथा कशी सांगावी, याचा एक श्रेष्ठ नमुना आपल्या शहराशी जोडलेला आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात राहिले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मपर टिपणांत लिहिला आहे. ही टिपणे १९३५-३६ च्या सुमारास लिहिली गेली आणि त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. अस्पृश्यता प्रत्यक्षात कशी असते हे परदेशी माणसाला कळावे, हा त्यांचा उद्देश होता. बडोद्याच्या प्रसंगानंतर सुमारे अठरा वर्षे गेलेली होती. त्याच टिपणांत लहानपणीच्या एका प्रवासाची हकिगत आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांच्या अंगावर नवे कपडे आहेत. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. अखेर एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण शेजारून चालावे या अटीवर. जेवण बरोबर असूनही पिण्याला पाणी न मिळाल्यामुळे मुले उपाशी राहतात.

या लेखनात विशेषणे अगदी मोजकी आहेत. कपडे, भाडे, पाणी, दिवा, गाडीची वेळ असे साधे तपशील आहेत, आणि त्यांतूनच अन्याय उभा राहतो. बाबासाहेबांना या लेखनाच्या बदल्यात कोठे प्रवेश मिळवायचा नव्हता. त्यामुळे आपल्या मुलांच्या निबंधाशी त्याची तुलना करण्याचा हेतू नाही. परंतु काळ जाऊ देणे, तपशिलावर विश्वास ठेवणे आणि दयेची याचना न करणे, हे तीन धडे सतरा वर्षांच्या मुलानेही घ्यावेत असे आहेत. मुलांना परदेशी नमुना निबंधांची पुस्तके आणून देण्यापूर्वी ही छोटी पुस्तिका वाचायला द्यावी, अशी माझी शिफारस आहे.

न सांगण्याचा हक्क

टाईप १ मधुमेह असलेल्या एका मुलीला आपल्या इन्सुलिनच्या दिनक्रमाविषयी लिहायचे होते. आईचा ठाम विरोध होता. "उद्या लग्नाच्या वेळी कोणी हे काढले तर?" हा तिचा प्रश्न. आपल्या समाजात ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करून भागत नाही. परंतु लाजेपोटी लपवणे आणि स्वेच्छेने राखून ठेवणे यांत अंतर आहे. लाजेपोटी लपवलेल्या आजाराची मुलीला शिसारी येऊ लागते, आणि ती इंजेक्शने चुकवू लागते. स्वेच्छेने राखलेली गोष्ट तिच्या ताब्यात राहते. मी दोघींना सांगितले की निर्णय मुलीचा, आणि 'नको' हेही पूर्ण उत्तर आहे. महिनाभर विचार करून मुलीने दुसरा विषय घेतला. आईच्या भीतीमुळे नव्हे, तर "मला तिथे मधुमेहवाली मुलगी म्हणून ओळख सुरू करायची नाही," असे तिचे म्हणणे पडले.

कायद्यानेही हा हक्क दिलेला आहे. अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाखालील नियमांनुसार, सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना प्रवेशापूर्वी अर्जदाराकडे अपंगत्वाची चौकशी करण्यास सामान्यतः मनाई आहे. तेव्हा न सांगणे ही लबाडी ठरत नाही. प्रवेश निश्चित झाल्यावर परीक्षेसाठी जादा वेळ किंवा वसतिगृहात विशेष सोय हवी असेल, तर संबंधित कार्यालयाकडे डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करता येतो.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. निबंधात न सांगणे हा हक्क आहे, वसतिगृहात न सांगणे हा जिवाचा धोका आहे. रात्री साखर उतरली तर काय करायचे, ग्लुकॅगॉन कोठे ठेवले आहे, अपस्माराचा झटका आल्यास काय करायचे आणि काय करायचे नाही, हे खोलीतील सोबत्याला आणि आरोग्यकेंद्राला पहिल्या आठवड्यात कळलेच पाहिजे. त्या मुलीने जाण्यापूर्वी माझ्यासमोर बसून तशी एका पानाची सूचना तयार केली. ते पान तिच्या निबंधापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

व्यवसायबंधूंसाठी काही सूचना नमूद करते. किशोरवयीन मुलाला भेटीचा काही वेळ एकट्याला द्यावा. पालकांसमोर तो विषयाला मान डोलावतो, एकटा असताना खरे बोलतो. निबंधाच्या खर्ड्याची भाषा आपण सुधारू नये. आजाराविषयी काही चुकीचे लिहिले असेल तर तेवढेच दाखवावे. "जरा गंभीर वाटेल असे सर्टिफिकेट द्या," ही मागणी सौम्यपणे परंतु स्पष्टपणे नाकारावी. निबंधाला अशा दाखल्याची जोड लागत नाही, आणि खोटा दाखला हा खोटाच असतो.

कधी कधी खर्ड्यातूनच धोक्याची सूचना मिळते. आपले जगणे निरर्थक आहे, मी नसतो तर बरे झाले असते, अशा अर्थाची वाक्ये आली, तर निबंध बाजूला ठेवून त्याच दिवशी थेट विचारावे. आत्महत्येचे विचार येतात का, असे विचारल्याने ते विचार मुलाच्या मनात रुजत नाहीत. पालकांना विश्वासात घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवून द्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आढळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. ते मुलाला समजावून सांगून आणि त्याला सोबत करून करावे.

समारोप

कॉमन अ‍ॅप दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुला होतो. त्या घाईत विषय ठरवू नये. अकरावीची परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आई-वडिलांनी मुलाशी निवांत बोलावे. "तुझ्या आयुष्यात काय वाईट घडले?" असे विचारण्याऐवजी "तुला कशात वेळेचे भान राहत नाही?" असे विचारून पाहावे. उत्तरात संघर्ष आपणहून आला तर वरील चार प्रश्नांच्या कसोटीवर तो पारखावा. आला नाही तर तो शोधत बसू नये. ज्या घरात मूल सुखात वाढले, त्या घराने त्याचा संकोच का बाळगावा?

आपल्या मुलांच्या वाट्याला आलेले दुःख ही त्यांची मिळकत आहे. ती कधी, कोणापुढे आणि किती उघडी करायची हे त्यांनीच ठरवावे. तो निर्णय त्यांना निर्धास्तपणे घेता यावा एवढे बळ त्यांच्यामागे उभे करणे, हे पालकांचे आणि आपणा डॉक्टरांचे काम आहे.